लोधीखेड्याचा म्हातारा आणि तुझी यादी

प्रभाकर,

तुझ्या मयतीला दहा हजार माणूस होतं, असं मी पांढुर्ण्यात सांगत सुटलोय. सौंसरचा बाजार बंद, बोरगावातल्या सगळ्या कारखान्यांचे भोंगे एकदम वाजले, आणि पुढचा माणूस घाटावर पोचला तेव्हा मागचा अजून तुझ्या अंगणात चप्पल शोधत होता. खरं सांगायचं तर आम्ही एकसष्ट जण होतो. मी मोजले. ती खोड तूच लावलीस. भोंगा एकच वाजला, तोही दुसऱ्या पाळीचा, त्याच्या नेहमीच्या वेळेला. मी मात्र तो तुझ्या नावावर खपवून टाकला.

तेरवी झाली. शालूवहिनींनी तुझा चष्मा हातात घेऊन मला विचारलं, "भाऊजी, याचं काय करू?" तीस वर्षं मी तोंडाच्या जोरावर जगलो. मी चष्मा घेतला, पुसला आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांनी मला तुझ्या, कामगार कल्याणाच्या, खुर्चीत बसवलं. "नया आदमी मिलने तक तुम देख लो, वसंत. बैठे-बैठे का काम है." मीही तेच समजत होतो ना! टाइम ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून मी आयुष्यभर हजेऱ्या चढवल्या, आणि तुझं काम म्हणजे फॉर्मवर शिक्का मारायचा आणि चहाची वाट पाहायची, अशी माझी पक्की खात्री. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्यासमोर एक बाळंतपणाची रजा, दोन अडकलेले पीएफ, एका विधवेची पेन्शन आणि बोट कापलेला एक पोऱ्या असे सगळे एका रांगेत उभे होते. माणूस कामाला लागतो तेव्हापासून जळेपर्यंत, आणि जळल्यावरही, तू कागद घेऊन त्याच्या मागे असायचास. आता मी असतो. थकलो रे. संध्याकाळी बसमध्ये तोंडातून शब्द निघत नाही. ड्रायव्हर आरशातून पाहतो आणि म्हणतो, "वसंताभाऊ, तब्येत बरी नाही का? आज एकबी गोष्ट नाही सांगितली."

तुझी कामाची रीत मला कधीच पटली नाही, हे तुला ठाऊक आहे. जगातले सगळे बाबू कारखान्याच्या गेटवर फॉर्म भरून घेतात. तू रविवारी स्कूटर काढायचास. लोधीखेडा, बोरगाव, इकडे पांढुर्ण्यापर्यंत. कामगाराच्या घरी जायचं, त्याच्या बायकोला समोर बसवायचं आणि नॉमिनीचं नाव मोठ्यानं वाचायचं. एकदा मी हौसेनं सोबत आलो होतो. नवऱ्यानं फॉर्मवर 'बेबी' लिहिलं होतं. बाई म्हणाली, लग्नात नाव सुनंदा ठेवलं. तू आधार कार्ड मागितलं, त्यावर तिसरंच, माहेरचं. नवरा बावीस वर्षं संसार करून बायकोच्या तोंडाकडे असा पाहत होता, जणू आत्ताच कोणी ओळख करून दिली. तो गेला असता तर त्या बाईला सिद्ध करावं लागलं असतं, की या तिन्ही बायका मीच. तू शांतपणे खोडलंस, लिहिलंस, तिची सही घेतलीस आणि वर त्यांच्याकडे पिठलं-भाकर खाल्लीस.

"जेवाले जातो म्हण ना सरळ," मी परतताना म्हणालो.

"हाव, जेवाले जातो," तू म्हणालास. "मशिनीपाशी विचारलं का माणूस सांगते, घरी सगळे मजेत. घरी गेलो का आतल्या खोलीतून खोकला ऐकू येते."

त्या खोकल्यांतूनच तुझी योजना निघाली. तीन वर्षं झाली. आपल्यासारख्या जुन्या लोकांचा, ज्यांचा पगार सरकारी विम्याच्या हद्दीबाहेर गेला त्यांचा, कंपनीचा मेडिक्लेम नव्यानं करायचा होता. साहेब म्हणाले, खर्च तेवढाच राहील, दोन योजना ठेवा, कामगार हात वर करून ठरवतील. एक विमा कंपनीकडून आलेली. आईबाप बाहेर, पण बायकापोरांची मर्यादा दुप्पट. दुसरी तुझी. आईबाप आत. दोन महिने तू घरोघरी फिरून यादी केलीस, कोणाचा बाप आहे, कोणाची आई, वय काय, दुखतं काय. आणि मेख अशी मारलीस की म्हाताऱ्यांची मर्यादा वेगळी, बायकापोरांची वेगळी. एकानं कितीही खाल्लं तरी दुसऱ्याच्या ताटाला हात लागणार नाही. हे मला पाठ होतं. तुझा तो कागद टाइप मीच केला होता.

त्या दिवसांतलं आपलं भांडण अजून संपलेलं नाही.

"फॅमिली म्हणजे नवरा, बायको, दोन पोरं," मी म्हणायचो. "छापलेलं आहे."

"कोणी छापलं? त्याले माय नव्हती का?"

"तुले आईबाप नाहीत, मले नाहीत. तू कायले मरून राहिला मग?"

"म्हणूनच," तू म्हणालास. "आपले नाहीत म्हणून आपल्याले नीट दिसते."

मला नीट दिसत नव्हतं, प्रभाकर. मला बायकोची, मंदाची पाठ दिसत होती. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल, आणि जुन्या मर्यादेत ते बसत नव्हतं. दुप्पट झाली तर बसत होतं. मी हे कोणाला बोललो नाही, तुलाही नाही. बोललो असतो तर तू काहीतरी मार्ग काढला असतास. पण माझ्यासारख्या माणसाची गंमत अशी, की सगळ्या जगाच्या भानगडी तो चौकात रंगवून सांगतो आणि स्वतःच्या घरची खरी गोष्ट आली की त्याची जीभ टाळूला चिकटते.

गुरुवारी कँटीनमध्ये सभा भरली. तू उभा राहिलास आणि सुरुवात केलीस, "कलम चारप्रमाणे..." लेका, कलम चार! डाळीचा वास सुटलेला, लोकांना भूक लागलेली, आणि तू कलम चार. पाच मिनिटांत लोक एकमेकांच्या डब्यात डोकावायला लागले. मग कोणीतरी ओरडलं, "वसंताभाऊ, तुमी सांगा!"

आणि मी सांगितलं. लोधीखेड्याचे झिबलाजी. वय ब्याऐंशी. तीन सुना, तिन्ही वाढताना हात आखडणाऱ्या. एका कंपनीनं आईबाप विम्यात घेतले, तर झिबलाजी साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात भरती झाले आणि तिथल्या एसीवर त्यांचा असा जीव जडला की बावन्न दिवस उठलेच नाहीत. सकाळी नर्सच्या हातचा चहा, दुपारी मऊ खिचडी, आणि डॉक्टर सुट्टी द्यायला आला की हे डोळे पांढरे करून दाखवत. खोकला संपला तर गुडघा काढला, गुडघा संपला तर दात. बावन्नाव्या दिवशी अख्ख्या कारखान्याची मर्यादा संपली. त्याच दिवशी एका कामगाराच्या पोरीला ताप आला आणि काउंटरवर सांगितलं, बाई, तुमच्या वाटचं झिबलाजी खाऊन गेले.

कँटीन हसून हसून आडवी झाली. हसणाऱ्यांनीच हात वर केले. आईबाप बाहेर.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. एखाद्या फॉर्मवर सही जुळत नसली की पाहायचास तसं.

दुसऱ्या दिवशी मी मंदाचे कागद तुझ्या टेबलावर ठेवले. तू वाचलेस, म्हणालास, "पहिलेच सांगायचं ना बाप्पा," आणि लगेच फोन उचललास. नवी पॉलिसी सुरू झाल्यावर ऑपरेशन झालं. मी लोकांना सांगतो की मंदाच्या पाठीत सव्वा किलो लोखंड आहे आणि पांढुर्णा स्टेशनवर गाडी आली की ती आपोआप रुळाकडे ओढली जाते. मंदा हे ऐकून अजून उशी फेकते. उशी फेकता येते तिला, प्रभाकर. वाकता येतं, नातवाला उचलता येतं. पण दवाखान्याच्या काउंटरवर दोन दिवस कोण बसलं होतं, हे मी त्या गोष्टीत कधी घालत नाही. तू बसला होतास. पिशवीत संत्री घेऊन. कॅशलेसची मंजुरी अडकली की उठायचास, काउंटरवरच्या पोरीला दोन संत्री द्यायचास आणि म्हणायचास, "बेटा, एक डाव अजून पाहा." मी खुर्चीवर झोपलो होतो.

त्याच हिवाळ्यात गुलाब तुझ्या टेबलाशी आला. आपला सूत कातायच्या रिंगफ्रेमवरचा गुलाब, चाळिशीचा, बिनलग्नाचा, आई आणि तो असं दोघांचं घर. म्हणाला, "भाऊ, मायले निमोनिया सांगतला. आपल्या विम्यात होईन का?"

तुला उत्तर पाठ होतं. तरी तू पॉलिसी काढलीस आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीस, जणू मध्ये कुठं एखादी ओळ राहून गेली असेल. मी शेजारच्या टेबलावर हजेरी चढवत होतो. त्या दिवशी मी कोणाची कुठं चढवली, देवाला माहीत. सरकारच्या मोफत उपचाराच्या कार्डावर तिचं नाव चढलेलं नव्हतं. तू त्याच्यासोबत हिंडलास, आधी इथं, मग नागपूरला. तिसऱ्या दिवशी गुलाबनं आईला घरी आणलं. ती घरीच गेली.

तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. मीही नाही. आपण तीन वर्षं शेजारी बसून चहा प्यायलो, क्रिकेटच्या गप्पा मारल्या, साहेबांच्या टाईवर हसलो. मी मनाशी म्हणायचो, त्याला काय माहीत, म्हातारा असेलही कुठं. माझ्या गोष्टींचं एक बरं असतं, दोन-चारदा सांगितल्या की मलाही आठवायला लागतात.

मागच्या सोमवारी तुझा खण उघडला. नवी पॉलिसी पुन्हा करायची होती, जुने कागद हवे होते. वर तुझी यादी होती. आईबापांची. ती तू टाकली नव्हतीस. दरवर्षी नव्यानं लिहिलेली होती, कोणतीही योजना मंजूर नसताना. गेले त्यांच्यावर बारीक रेघ, पुढच्या वर्षीच्या यादीत ते नाहीत. वयं वाढवलेली. आणि यादीच्या खाली तुझी रविवारची वही.

सभेनंतरचा पहिला रविवार. तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर. "लोधीखेडा. दोन किराणा दुकानं, पोस्टमन, सरपंचांचं घर, सगळीकडे विचारलं. झिबलाजी नावाचे गृहस्थ नाहीत. झिबल नावाचा एक बैल आहे. तब्येत चांगली."

मी हसलो, प्रभाकर. तुझ्या खुर्चीत बसून, एकटाच, मोठ्यानं. एवढं ऊन, ती खटारा स्कूटर, आणि तू माझ्या थापेचा पत्ता शोधायला गेलास आणि बैलाची तब्येत लिहून आणलीस. मग खालची ओळ वाचली.

"वसंताला विचारू नये. आधी मंदावहिनींचं ऑपरेशन होऊ दे."

तेव्हा पॉलिसीवर सह्या व्हायला अजून नऊ दिवस होते. तू सोमवारी साहेबांकडे जाऊन म्हणाला असतास, की माणूस खोटं बोलला, हात पुन्हा मोजा, तर मोजावे लागले असते. तुला हे ठाऊक होतं. गुलाबच्या आईला पुढं काय होणार हे ठाऊक नव्हतं. तू एका पारड्यात मंदा ठेवलीस, दुसऱ्यात फक्त एक यादी होती. नंतर त्या यादीतली एक बाई गेली आणि तू ते पारडं एकट्यानं उचलून चालत राहिलास. तुला राग नव्हता का रे? की राग होता आणि कोणत्या रकान्यात लिहायचा ते कळलं नाही? हे मी तुला तोंडावर विचारायला हवं होतं. त्याआधी माफी मागायला हवी होती. दोन्ही राहिलं.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, दोन्ही योजना पुन्हा ठेवा. ते म्हणाले, "फिर से? तीन साल से सब खुश हैं." मी म्हणालो, सगळे नाहीत. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असावं, त्यांनी दोनदा विचारलं नाही.

गुरुवारी पुन्हा कँटीन. मी उभा राहिलो आणि बोलायच्या आधीच पुढची रांग हसायला लागली. तीस वर्षांची कमाई.

"तो लोधीखेड्याचा म्हातारा," मी म्हणालो, "तो नव्हता. मी रचला होता. माझ्या घरच्या ऑपरेशनसाठी."

कँटीन खदखदली. "वा, वसंताभाऊ! होऊ द्या अजून!" कोणी म्हणालं, "म्हातारा एसीत गेला का सरळ वर?" मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा हसले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो आणि लोकांनी ते माझं सगळ्यात झकास खोटं म्हणून डोक्यावर घेतलं. एकटा गुलाब हसत नव्हता.

मग मी बोलणं सोडलं आणि तुझी यादी काढली. असं चारचौघांत वाचायचं नसतं, हे तू शंभरदा बजावलं असतंस. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तुझ्यासारखंच वाचलं, सपाट, हातवारे न करता.

"पुंडलिक. बाप, वय त्र्याहत्तर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा बाकी. भीमराव. आई, वय अडुसष्ट. दर शनिवारी जामसावळीच्या मारुतीला पायी जाते. गुडघे सुजतात. मुलाला सांगू नका म्हणाली."

"काय म्हतलं?" भीमराव उभा राहिला. "गुडघे? मले तं म्हणते, ठणठणीत हावो!"

कोणी हसलं नाही. मी वाचत गेलो. डाळ थंड झाली, कोणी डब्यात पाहिलं नाही. ज्याचं नाव यायचं तो मान खाली घालायचा. नावं संपली तेव्हा मी दोन्ही योजना सांगितल्या, आणि म्हाताऱ्यांची मर्यादा वेगळी असते हेही, जे मागच्या वेळी सांगितलं नव्हतं.

तुझी योजना सात हातांच्या फरकानं मंजूर झाली. सात. पांढुर्ण्यात हा आकडा मी अजून सांगितलेला नाही, तिथं त्याचे सातशे होतील. वर गेलेल्या हातांत गुलाबचा होता. त्याला आता या योजनेतून काहीच मिळायचं नाही. हात वर ठेवून तो माझ्याकडे पाहत होता.

परवा रविवारी त्याच्या घरी गेलो. तुझ्या बाकी राहिलेल्या कामांत त्याचं नाव होतं, नॉमिनी मयत, बदलायचा आहे. जुना फॉर्म न उघडताच पिशवीत टाकला आणि बोरगावला उतरलो. तो अंगणात कपडे वाळत घालत होता. बसा म्हणाला नाही.

"गुरुवारी सांगतलं ते खरं का?"

"हाव."

"म्हातारा नव्हताच?"

"नव्हता."

त्यानं शर्ट झटकला. "झिबलाजी. तीन वरसं झाले, मले अजून पाठ हाय. त्याच्या तीन सुनाबी पाठ हायेत." शर्ट दोरीवर टाकला. "माह्या मायचं नाव सांगा."

फॉर्म पिशवीत होता. तुझ्या अक्षरात त्यावर ते नाव होतं. काढून नुसती नजर टाकली असती तरी भागलं असतं.

"मले माहीत नाही, गुलाब."

त्यानं बादलीतले उरलेले दोन कपडे पिळले, वाळत घातले, हात पुसले.

"सुभद्रा," तो म्हणाला. "लिवा."

नव्या फॉर्मवर तिच्यासाठी आता रकाना नव्हता. मी तुझी यादी काढली, शेवटच्या पानावर जागा होती, तिथं लिहिलं. वय विचारलं. त्यानं तेही सांगितलं.